ओहाराचं जाक्को-इन: आईला घेऊन जावं का?

वऱ्हाडपाखरू

नमस्कार मंडळी. मी सहा वर्षं झाली, नागोयात राहते. नोव्हेंबरात आई पहिल्यांदा इकडे येतेय, नागपूरहून. वय ७१, गुडघे दुखरे, पण हौस दांडगी. क्योतोसाठी तीन दिवस हाताशी आहेत.

आई रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणते आणि थेरीगाथेचं, म्हणजे बुद्धकाळातल्या भिक्खुणींच्या गाथांचं, मराठी भाषांतर तिच्या उशाशी असतं. परवा फोनवर म्हणाली, "सोन्याचं देऊळ वगैरे तू दाखवशीलच. पण तिकडे भिक्खुणी आहेत का गं? त्यांचा विहार दाखव मला."

मला लगेच जाक्को-इन आठवलं. क्योतोच्या उत्तरेला ओहारा नावाचं डोंगरांनी वेढलेलं खेडं आहे, तिथला हा भिक्खुणींचा जुना मठ. तीन वर्षांपूर्वी पावसात एकदा गेले होते. तिथून बाहेर पडताना जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. पण ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, लहानसं देऊळ, तेही नवीन बांधलेलं, त्यासाठी अख्खा दिवस घालवू नकोस. एक दिवस द्यावा का? आणि आईला पायऱ्या झेपतील का? गेलेल्यांनी कृपया लिहा.

चिंचोका

नक्की जा! मी दोनदा गेलेय. क्योतो स्टेशनवरून १७ नंबरची बस थेट ओहाराला जाते, साधारण तासाभरात. पण नोव्हेंबरात लाल पानं बघायला सगळा देश रस्त्यावर असतो, तेव्हा त्या तासाचे दोन होतात. त्यापेक्षा भुयारी रेल्वेनं कोकुसाइकाइकानपर्यंत जा आणि तिथून १९ नंबरची बस धर. आईंना बसायलाही मिळेल.

बसस्टॉपवरून उजवीकडे सानझेन-इन हे प्रसिद्ध मंदिर, डावीकडे जाक्को-इन. गर्दी उजवीकडे वळते. तुम्ही डावीकडे वळा. शेतांमधून पंधराएक मिनिटांची वाट आहे. आईंच्या चालीनं पंचवीस धरा.

दगडफूल

थोडं वेगळं मत मांडतो. जाक्को-इनचं मुख्य मंदिर ९ मे २००० च्या पहाटे जळालं. कोणीतरी आग लावली होती. आत्ता दिसतं ते जून २००५ मध्ये पूर्ण झालेलं. मूर्तीही नवी, झगझगीत रंगवलेली. जुनं काही पाहायचं असेल तर नाराजवळ इकारुगाला चूगू-जी आहे. तोही भिक्खुणींचाच मठ, होर्यू-जी या प्राचीन मंदिराला लागून. तिथली सातव्या शतकातली कापूरवृक्षाच्या लाकडाची मूर्ती, एक पाय दुमडून, गालाला बोटं टेकवून विचारात बसलेली, पाहिली की माणूस बोलायचं विसरतो. ७१ वर्षांच्या बाईंना एकच मठ दाखवायचा तर तो दाखवावा.

सह्याद्रीसखी

दगडफूल, मूर्तीबद्दल शंभर टक्के सहमत. पण ती ज्या मंदिरात बसली आहे ते १९६८ सालचं काँक्रीटचं आहे की! भोवती पाणी, सुंदर आहे, पण जाक्को-इनला लावलेला नियम तिथेही लावा ना. आणि ज्या सोन्याच्या देवळासमोर सगळे फोटो काढतात ते किन्काकू-जीसुद्धा १९५० मध्ये आगीत गेलं आणि १९५५ मध्ये परत उभं राहिलं. त्याला कोणी नवीन म्हणत नाही.

दगडफूल

बरोबर, तो मुद्दा मान्य. पण चूगू-जीची मूर्ती वाचलीय, जाक्को-इनची जळालीय. फरक आहेच.

सह्याद्रीसखी

जळाली, पण संपली नाही. हे मला लिहायलाच हवं.

जाक्को-इनची मुख्य मूर्ती जिझोची, म्हणजे आपल्या क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची. १२२९ सालची, अडीच मीटरहून उंच. आगीत ती कोळशासारखी काळी झाली, तरी उभी राहिली. तिच्या पोटात तीन हजारांहून जास्त इवल्या जिझो-मूर्ती भरलेल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक सुखरूप निघाल्या. काळवंडलेली मूर्ती मागच्या बाजूला वेगळ्या कोठारात जपून ठेवलीय, ठरावीक दिवसांतच दाखवतात. राष्ट्रीय वारसा म्हणून तिची नोंद आगीनंतरही काढली नाही. मला हे फार मोठं वाटतं. जळालेली वस्तूही वारसाच राहते, असं एका सरकारनं मानलं.

आग लावणारा कधी सापडला नाही. २००७ मध्ये खटल्याची मुदतही संपली.

गावठाण

वाचतोय. जिझो म्हणजे लाल आंगडं-टोपडं घातलेले ते छोटे दगडी बुवा, तेच ना? रस्त्याच्या कडेला असतात ते?

सह्याद्रीसखी

हो, तेच. मुलांचा आणि वाटसरूंचा राखणदार. मूल गमावलेल्या आया त्याला आंगडी शिवून घालतात.

पाटीपेन्सिल

जाक्को-इन आणि मूल गमावलेली आई, यावर थोडं सविस्तर लिहिते. हा मठ ज्या बाईमुळे ओळखला जातो तिची कथा माहीत असेल तर तिथे जाण्याला अर्थ येतो.

ताइरा घराण्याच्या कियोमोरीची मुलगी तोकुको. सम्राट ताकाकुराची राणी, पुढे केनरेइमोनइन या नावानं ओळखली गेली. ११७८ मध्ये तिला मुलगा झाला, तो लहानपणीच सम्राट आंतोकु झाला. मग ताइरा आणि मिनामोतो या दोन योद्धा घराण्यांचं युद्ध पेटलं. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत ताइरांचा धुव्वा उडाला. आजीनं त्या पोराला कवटाळलं आणि पाण्यात उडी घेतली. तोकुकोनंही उडी घेतली, पण शत्रूच्या सैनिकांनी दाताळ्यानं केस पकडून तिला वर ओढलं. पोर गेलं, आई, भाऊ, सगळं घराणं गेलं, ती उरली. तिचं वय तेव्हा तिशीच्या आसपास.

तिनं केस उतरवले आणि त्याच वर्षी ओहाराला येऊन राहिली. पुढच्या वर्षी निवृत्त सम्राट गो-शिराकावा तिला भेटायला आला. हा तिचा सासरा, आणि ताइरांच्या शत्रूंना पाठबळ देणाराही तोच. राणी कुठे आहे विचारलं तर एका म्हाताऱ्या भिक्खुणीनं सांगितलं, डोंगरावर फुलं आणायला गेल्यात. थोड्या वेळानं काळी वस्त्रं घातलेल्या दोघी डोंगर उतरताना दिसल्या. एकीच्या हातात फुलांची परडी, ती राणी. या अवस्थेत समोर यायची तिला लाज वाटली, पण ती आली. आणि म्हणाली, जीव ज्यांत पुन्हा पुन्हा जन्मतो त्या साही गती मी याच देही पाहिल्या. राजवाड्यात देवगती. जहाजांवर पळताना चहूकडे पाणी, पण घोटभर पिता येत नाही, ती प्रेतगती. लढाईत असुरगती. अशी एकेक.

'हेइके मोनोगातारी' या महाकथेचा शेवटचा भाग याच मठात घडतो.

घाटावरचा

ज्यानं घर बुडवलं तोच सांत्वनाला येतो! आमच्या आजीनं असल्या माणसाला ओसरीवरून परत पाठवलं असतं.

पाटीपेन्सिल

मलाही पहिल्यांदा वाचताना राग आला होता. नंतर वाटलं, तिनं त्याला परत पाठवलं असतं तर तिचं सांगणं कोणी ऐकलंच नसतं.

तळटीप

एक दुरुस्ती सुचवतो. गो-शिराकावाची भेट आपल्याला ज्या रूपात माहीत आहे ते कथेतलं रूप आहे. संवाद शब्दशः इतिहास म्हणून घेऊ नयेत. आणि १२२९ ची जिझोमूर्ती तोकुकोनं पाहिलेली नाही. ती गेली त्या सालाबद्दल मतभेद आहेत, पण मूर्ती तिच्यानंतरची.

मात्र ती ओहाराला राहत होती याला कथेबाहेरचा आधार आहे. तिच्या पदरी असलेली एक कवयित्री, उक्यो-नो-दाइबु, तिला तिथे जाऊन भेटली आणि तिनं ते लिहून ठेवलं. राजवाड्यात साठाहून जास्त बायका रेशमी वस्त्रांत दिमतीला असायच्या, इथे ओळखू येणार नाहीत अशा तीन-चार जणी उरल्या आहेत, असं ती लिहिते. मला सम्राटाच्या भेटीपेक्षा या मैत्रिणीची भेट खरी आणि मोठी वाटते.

रानजाई

तळटीप, या माहितीसाठी मनापासून आभार. मैत्रीण भेटायला गेली, हे वाचून डोळे भरून आले.

कोकमसार

सगळे इतकं गंभीर लिहितायत, मी जेवणाचं विचारू का? तिथे लोणच्याची दुकानं आहेत असं ऐकलंय.

चिंचोका

विचार विचार! शिबाझुके! वांगी, काकडी आणि लाल शिसोची पानं मिठात दाबून आंबवतात. व्हिनेगर नाही, तेल नाही, मसाला नाही. रंग थेट आपल्या आगळासारखा जांभळट लाल, आणि आंबटपणाही त्याच घराण्यातला. ओहाराच्या शेतांत जूनजुलैत ही लाल पानं उभी असतात. राणी आली तेव्हा गावकऱ्यांनी तिला हे नेऊन दिलं आणि तिनंच त्याला नाव दिलं, अशी गावात कथा आहे.

कोकमसार

आगळासारखं म्हणालीस तिथेच तिकीट काढलं मी. 😄

शुद्धशाकाहारी

लोणचं चालेल, पण बाकी जेवणात जपा. भाज्यांच्या सूपमध्येही दाशी असते, म्हणजे वाळवलेल्या माशाचा अर्क. मठांच्या पद्धतीचं शोजिन जेवण मिळालं तर ते घ्या, त्यात मांस-मासे नसतातच आणि कांदा-लसूणही नसतो.

वऱ्हाडपाखरू

आई मासे खाते हो, काळजी नसावी. उलट कांदा-लसूण नाही म्हटल्यावर तिचाच चेहरा पडेल!

धागा इतका बहरेल असं वाटलं नव्हतं. सगळं प्रिंट काढून आईला पाठवलंय. पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद वाचून ती म्हणाली, "ही तर किसा गोतमीच."

गावठाण

किसा गोतमी म्हणजे मोहरीच्या दाण्यांची गोष्ट? ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून दाणे आण, ती?

वऱ्हाडपाखरू

हो, तीच, मूल गमावलेली. आणि पटाचारा. नवरा, दोन्ही मुलं, आईवडील, भाऊ, एका फेऱ्यात सगळे गेलेली. आईला थेरीगाथेत या दोघी सगळ्यात जवळच्या वाटतात.

पाटीपेन्सिल

तुमच्या आईंना सांगा, त्यांनी नेमकं बोट ठेवलं. किसा गोतमी आणि पटाचारा, दोघींच्या कथा श्रावस्तीच्या. पटाचारा बुद्धांपाशी पोचली ती तिथल्याच जेतवन विहारात. आणि 'हेइके मोनोगातारी' सुरू होते ती 'गिओन शोजा'च्या घंटेच्या नादानं. गिओन शोजा म्हणजे जेतवन विहार! पुढे लगेच साल वृक्षाच्या फुलांचा उल्लेख येतो. आणि शेवटच्या भागात जाक्को-इनची घंटा वाजते, आजचाही दिवस मावळला म्हणून सांगते. जेतवनाच्या घंटेपासून या खेड्यातल्या भिक्खुणींच्या घंटेपर्यंत, एवढी ती कथा आहे. मी ती तीनदा वाचली, पण किसा गोतमीचं नाव तिच्याशेजारी ठेवायचं मला कधी सुचलं नाही.

नागनदी

मी नागपूरची, त्यामुळे राहवत नाही. काकूंना विचारायचंय, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला त्या जातात का? जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून १९९९ मध्ये उभा राहिला तो विहार. आमच्याकडे जपानचं नाव निघालं की आधी मूळचे जपानी भिक्खू भदन्त सुरेई ससाई आठवतात, मग हा विहार. भिक्खुणींबद्दल मात्र मी कधी विचारच केला नव्हता. जपानमध्ये भिक्खुणी कधीपासून आहेत?

तळटीप

सुरुवातीपासून. आणि हे मी अक्षरशः म्हणतोय. जपानी इतिहासग्रंथ 'निहोन शोकी'नुसार जपानमध्ये पहिल्यांदा दीक्षा घेतली ती पुरुषांनी नाही, मुलींनी. ५८४ साली. झेनशिन-नि, वय अकरा, आणि तिच्याबरोबर झेनझो-नि आणि एझेन-नि. पुढच्याच वर्षी साथ पसरली. परक्या देवामुळे आली म्हणत विरोधकांनी या मुलींची चीवरं हिसकावली आणि भर बाजारात त्यांना फटके मारले. त्या मागे हटल्या नाहीत. ५८८ मध्ये समुद्र ओलांडून कोरियातल्या पेकचे राज्यात विनय, म्हणजे संघाचे नियम, शिकायला गेल्या, दोन वर्षांनी परत आल्या.

आता जाक्को-इनशी संबंध. मठाची स्वतःची परंपरा सांगते की ५९४ मध्ये राजपुत्र शोतोकुनं वडिलांसाठी तो स्थापला आणि पहिली प्रमुख होती त्याची दाई तामातेरु-हिमे, म्हणजेच या तिघींपैकी एझेन-नि. ही परंपरा आहे, पुरावा नाही. पण मठ आपली सुरुवात त्या तीन मुलींपैकी एकीपासून मोजतो, हे मला मोलाचं वाटतं.

नागनदी

अकरा वर्षांची मुलगी. भर बाजारात. आणि हे आम्हाला कुठल्याच पुस्तकात कोणी शिकवलं नाही. काकूंसाठी काढलेल्या प्रिंटमध्ये हा प्रतिसाद सगळ्यात वर ठेवा ताई.

घाटावरचा

कामाकुराला एक मठ आहे ना, नवऱ्याच्या जाचातून बायका पळून जायच्या तो? तो हाच का?

सह्याद्रीसखी

तो तोकेइ-जी. १२८५ मध्ये तिथल्या सत्ताधीशाच्या, होजो तोकिमुनेच्या विधवेनं, काकुसान-निनं स्थापलेला. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) बाई तिथे पोचली आणि दोनतीन वर्षं राहिली की तिला काडीमोड मिळायचा. दाराशी पोचायच्या आत पाठलाग करणाऱ्यांनी गाठलं तरी चप्पल आत फेकली की ती पोचली असं धरायचे. आता तिथे भिक्खुणी नाहीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भिक्खूंचा झाला. पण काकूंना कथा जरूर सांगा.

रानजाई

चप्पल फेकली की पोचली! किती जणींनी धावता धावता चप्पल काढली असेल.

कातळशिल्प

ओहाराच्या बायकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ओहारामे म्हणतात त्यांना. डोंगरातलं सरपण आणि कोळसा डोक्यावर घेऊन क्योतोत विकायला जायच्या. खाली चुंबळ, वर मोळी. हुबेहूब आमच्या रायगडातल्या मोळीविक्या बाया. त्यांचा वेश राणीच्या सोबतिणीवरून, आवा-नो-नाइशीवरून आला असं मानतात. ती सरपण गोळा करताना तसा पेहराव करायची म्हणे. तिथे जुने फोटो पाहिले तेव्हा मला माझी आजीच दिसली. तीही पहाटे मोळी घेऊन पेणच्या बाजाराला जायची.

दगडफूल

धागा वाचून माझं मत बदललं, हे नोंदवतो. मी मंदिराचं वय मोजत होतो. चूगू-जी पुढच्या खेपेला दाखवा. ओहाराला जा.

चिंचोका

पायऱ्यांचं राहिलंच की! दारापासून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंनी मेपलची झाडं. फार नाहीत, पण दगड उंचसखल आहेत आणि ओले असले की घसरतात. काठी ठेवा. शेजारीच राणीची समाधी आहे, तिथे वेगळ्या पायऱ्या. त्या आईंना नाही जमल्या तर खालूनच नमस्कार.

वऱ्हाडपाखरू

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला, कारण आई कालच परत गेली आणि घर रिकामं झाल्यावर मगच लिहायला बसले.

चिंचोकानं सांगितल्याप्रमाणे १९ नंबरची बस, सकाळी लवकर. शेतात दव होतं. पायऱ्या आईनं माझा हात धरून चढल्या, मध्ये दोनदा थांबली, "पानं बघते" म्हणाली. पानं बघण्यासारखी होतीच.

मंदिरात नवा जिझो पाहून मला वाटलं होतं ती हिरमुसेल. ती समोर बसली, नमो तस्स म्हटलं, आणि मग विचारलं, जळालेला कुठे आहे? तो त्या दिवशी उघडा नव्हता. कोठार कुठल्या बाजूला आहे ते मी दाखवलं. तिनं तिकडे वळून पुन्हा तीनदा वंदन केलं. बाजूला बसलेल्या एका जपानी आजींनी ते पाहिलं आणि त्यांनीही तिकडे वळून हात जोडले.

अंगणात तळ्याकाठी एका जुन्या पाइनचं खोड जपून ठेवलंय. कथेत ज्याचा उल्लेख आहे असं मानतात ते झाड. आगीत होरपळलं, चार वर्षं तगलं, २००४ च्या उन्हाळ्यात गेलं. आई त्या खोडापाशी बराच वेळ उभी होती. बाबांना जाऊनही चारच वर्षं झालीयेत. मी काही बोलले नाही.

मग घंटा. पाटीपेन्सिल, हे तुमच्यासाठी. तिथल्या घंटेला नाव आहे, 'शोग्यो मुजो'ची घंटा. आईनं विचारलं, म्हणजे काय? मी चार अक्षरांचा अर्थ लावून सांगितला, सगळे संस्कार अनित्य. मी पुढे काही सांगायच्या आत ती म्हणायला लागली:

अनिच्चा वत सङ्खारा, उप्पादवयधम्मिनो...

बाबांच्या वेळी आम्ही हीच गाथा म्हटली होती. ती चार अक्षरं याच गाथेचा पहिला चरण आहेत, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. सहा वर्षं मी ही अक्षरं वाचत होते.

पाटीपेन्सिल

धन्यवाद. आज दुसरं काही वाचणार नाही.

नागनदी

काकूंना माझा जयभीम सांगा. रविवारी मी त्यांना भेटायला गेले तर चालेल का? त्या तीन मुलींबद्दल बोलायचंय.

वऱ्हाडपाखरू

चालेल म्हणजे काय, वाट बघतेय ती. पत्ता निरोपातून पाठवते.

कोकमसार

आणि लोणचं??

वऱ्हाडपाखरू

चार पाकिटं नेली. आईचा आत्ताच फोन आला. एक वरण-भाताबरोबर संपलं, दोन शेजारी गेली. चौथं नागनदीसाठी ठेवलंय.